दुकानातली नजर घरच्या खरेदीलाही लावा

बागवान आंब्याची पेटी घेतो तेव्हा वरचा थर पाहून पैसे मोजत नाही. हात घालून खालचे फळ वर काढतो, दाबून पाहतो, वास घेतो. मणियार बांगड्या उजेडासमोर धरून तडा शोधतो. यंत्रमागवाला सुताचा काउंट विचारतो आणि शंका आली तर तोलून पाहतो. परंतु हेच आपले बांधव घरासाठी टीव्ही घ्यायला शोरूममध्ये शिरतात, तेव्हा ही सारी पारख दुकानातच ठेवून आलेले असतात. सेल्समनने दाखवला तो संच, त्याने सांगितला तो हप्ता आणि त्याने पुढे केला त्या कागदावर सही, असा व्यवहार होतो. धंद्यात असे वागलो असतो तर वर्षभरात दुकानाला कुलूप लागले असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून अनेक घरांत जुना संच काढून मोठा घेण्याची भाषा सुरू झाली आहे. टीव्ही घरात असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला तेव्हाही तो झाला आणि त्यानंतरही होत राहिला. तो निकाल उलेमांनी द्यावा आणि प्रत्येकाने आपल्या विवेकाने घ्यावा. हे पान व्यापाराचे आहे. ज्याने टीव्ही घ्यायचे ठरवलेच आहे, त्याने तो व्यापाऱ्यासारखा घ्यावा, एवढेच मला सांगायचे आहे.

परत गेलेला चेक

माझ्या ओळखीच्या एका मणियार बांधवाची ही हकीकत आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. सणाच्या दिवसांत त्याने ५५ इंची टीव्ही घेतला. महिन्याला ४ हजारांचा हप्ता, तोही म्हणे बिनव्याजी. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला बँक खात्यातून आपोआप वळता होणार होता. खाते मात्र एकच. दुकानाचे तेच आणि घराचेही तेच.

लग्नसराई होती तोवर काही कळले नाही. पावसाळ्यात धंदा मंदावला. फिरोजाबादी माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला त्याने साडेअठरा हजारांचा चेक दिला होता. खात्यात २० हजार होते, त्यामुळे तो निर्धास्त होता. ५ तारखेला सकाळीच टीव्हीचा हप्ता वळता झाला, १६ हजार उरले आणि दुपारी चेक परत गेला.

चेक न वटणे ही साधी बाब नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तो गुन्हा ठरू शकतो. त्या व्यापाऱ्याने कोर्टाची भाषा केली नाही, रक्कमही चार दिवसांत चुकती झाली. परंतु बारा वर्षे जो उधारीवर माल देत होता, तो तेव्हापासून रोख मागतो. बारा वर्षांची पत अडीच हजारांसाठी गेली. टीव्ही अजून भिंतीवर आहे आणि चांगला चालतो. दोष टीव्हीचा नव्हताच.

शून्य टक्क्यांचा हिशेब

आपण सर्वच जण मानतो की व्याज हराम आहे आणि व्यापार हलाल आहे. सूरह बकरात हे स्पष्ट आहे. मग फलकावर ‘शून्य टक्के’ असे लिहिले की आपले मन लगेच निश्चिंत होते. येथेच हिशेब करायचा असतो.

समजा, एका संचाची किंमत हप्त्यांवर ४८ हजार आहे. दरमहा ४ हजार, बारा महिने. तोच संच रोखीने मागा आणि घासाघीस करा. दुकानदार ४४ हजार ५०० ला देतो. हप्त्याच्या व्यवहारात वर ५०० रुपये ‘प्रोसेसिंग’ म्हणून घेतले जातात. म्हणजे रोखीपेक्षा तुम्ही ४ हजार जास्त दिले. ४ हजार म्हणजे ४४ हजारांवर नऊच टक्के, असे वाटेल. परंतु तुम्ही दर महिन्याला परतफेड करत आहात. वर्षभरात तुमच्याकडे सरासरी २४ हजारांच्या आसपासच रक्कम अडकलेली असते. त्या रकमेवर ४ हजार म्हणजे वर्षाला सुमारे १६ टक्के झाले. फलकावर मात्र शून्यच होते.

ही माझी एकट्याची शंका नव्हे. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, व्याजाचा भाग प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होतो. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घेतले तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. म्हणजे दुकानदाराने व्याजाइतकी सूट दिली, तरी तो कर तुमच्याच माथी येतो. वित्त कंपनीकडून कर्ज घेत असाल तर मुख्य तथ्य पत्रक मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्याआधी तेवढा आकडा वाचा.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. दुकानदार स्वतःचा माल स्वतः उधारीवर विकतो, रोखीची आणि उधारीची किंमत वेगवेगळी सांगतो, तुम्ही त्यातली एक मान्य करता आणि पुढे उशीर झाला तरी ती वाढत नाही. असा व्यवहार बहुतेक फुकहांनी जायज मानला आहे. तिसराच कोणी पैसे उसने देऊन त्यावर जादा घेतो आणि हप्ता चुकला की दंड लावतो, तो व्यवहार वेगळा. आपला व्यवहार यापैकी कोणता, हे आपल्या गावच्या उलेमांना कागद दाखवून विचारावे. नुसते तोंडी वर्णन करून विचारू नये.

आणि हप्त्याशिवाय मार्ग नाही असेही नाही. आपल्या घरांतील स्त्रिया वर्षानुवर्षे भिशी चालवतात. दहा-बारा जणी दरमहा ठरलेली रक्कम भरतात आणि पाळीपाळीने एकेकीला सर्व रक्कम मिळते. लिलाव किंवा कपात नसलेल्या अशा भिशीत कोणी कोणाचे व्याज खात नाही. ४ हजारांचा हप्ता वर्षभर भरण्याची ताकद ज्या घरात आहे, त्या घरात ४ हजार वर्षभर बाजूला ठेवण्याचीही ताकद आहे. फरक एवढाच की टीव्ही थोडा उशिरा येतो. येतो तेव्हा तो आपला असतो.

मापापेक्षा मोठे कापड

टीव्हीचे इंच तिरपे मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ४३ इंची पडदा रुंदीला सुमारे साडेसदतीस इंच आणि उंचीला २१ इंच असतो. घरातून निघण्यापूर्वी भिंतीवर खडूने ही चौकट आखावी आणि आपण बसतो तेथून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे.

आता स्पष्टतेकडे येऊ. चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. ३२ इंची ‘एचडी रेडी’ संचात बहुधा १३६६ × ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके असतात. फुल एचडीत १९२० × १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. फोरके म्हणतात त्यात ३८४० × २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. आकडा मोठा तेवढा माल भारी, असे वाटणे साहजिक आहे. पण डोळ्यालाही मर्यादा आहे. ४३ इंची फुल एचडी पडद्यापासून साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडे बसले की साधारण नजरेला ठिपके वेगळे दिसतच नाहीत. दहा फुटी खोलीत आपण आठ फुटांवर बसतो. तेथे ४३ इंचांत केवळ फोरकेसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या जरीचे दाम देणे आहे. ३२ इंची साधा एचडी संचही सहा फुटांच्या पुढे चांगला दिसतो.

दुसरी बाब सेट-टॉप बॉक्सची. बॉक्स जुना असेल आणि चॅनेल साधे असेल, तर चित्र ७२० × ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपक्यांचे येते. ते ८३ लाखांच्या पडद्यावर पसरवणे म्हणजे चार मीटर कापड ऐंशी मीटरवर ताणणे होय. विरळ दिसणारच. ‘नवीन टीव्हीपेक्षा जुना बरा दिसत होता’ ही तक्रार यातूनच येते. एचडी बॉक्स, एचडी चॅनेल आणि एचडीएमआय केबल या तिन्हींचा खर्च संचाच्या किमतीत धरूनच अंदाज बांधावा.

ढिगात हात घाला

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण विक्रेते म्हणून अनेकदा ऐकली आहे. ग्राहक म्हणूनही तिच्यातून शिकण्यासारखे आहे.

शोरूममधील चित्र हा ढिगाचा वरचा थर. तेथे खास बनवलेली भडक रंगांची चित्रफीत चालू असते आणि संच सर्वाधिक प्रखरतेवर ठेवलेला असतो. दुकानदाराला म्हणावे, हे बंद करा आणि साधे बातम्यांचे चॅनेल लावा. रंगांचा भडकपणा कमी करायला सांगावे. बाजूला सरकून कोनातून पहावे, कारण घरात सगळे समोरच बसत नाहीत. आवाज ऐकावा. पातळ संचांत स्पीकर लहान असतात आणि आजीला ऐकू येणार नाही असा संच घेऊन उपयोग नाही. घरी आल्यावरही भडक रंगांऐवजी सिनेमासाठीची सेटिंग लावली तर डोळ्यांना त्रास कमी होतो आणि वीजही वाचते.

‘स्मार्ट’ या शब्दासाठी फार दाम देऊ नये. पडदा अनेक वर्षे टिकतो, आतले सॉफ्टवेअर त्याच्या आधी जुने होते. पुढे एखादी लहान स्टिक जोडून ते काम भागवता येते. त्यापेक्षा आपल्या तालुक्याला त्या कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस येतो का, हे विचारावे. ज्या माळ्याने असाच संच घेतला आहे त्या शेजाऱ्याकडेही चौकशी करावी. विजेचा खर्च स्टार लेबलवर पहावा. ८० वॅटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात.

बिल पक्के, नाव खरे

पैसे देण्याआधी खोका उघडून पडदा पहावा, कारण तडकलेला पडदा हमीत बसत नाही. बिलावर संचाचा अनुक्रमांक असावा आणि पडद्याची हमी किती, हे लेखी असावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आपल्याला सूरह बकरातच आहे, मग हमीचा शब्द तोंडी का घ्यावा? तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. काही बांधव घरचा टीव्ही दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतात आणि कराची वजावट लावतात. वैयक्तिक वापराच्या मालावर अशी वजावट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही. कायद्याचे सोडा, ही खोटी नोंद आहे. मापात मारणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच येथेही लागू आहे.

जागा आणि वेळ

आपल्या बऱ्याच घरांत बैठक गादीवर असते. बसवायला येणारा कारागीर मात्र सोफ्याच्या किंवा उभ्या माणसाच्या हिशेबाने संच पाच फुटांवर ठोकतो आणि महिनाभरात सगळ्यांच्या माना दुखतात. गादीवर बसून डोळ्यांची उंची मोजा आणि पडद्याचा मध्य तिच्या जवळपास ठेवा. एकच मोठी खोली असेल तर घरातील स्त्रिया तेथेच नमाज अदा करतात. त्यामुळे किब्ल्याकडची, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेची भिंत टाळावी. ओल येणारी भिंतही टाळावी. विजा कडकडत असतील तर प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत.

शेवटी वेळेचे. दुकानाला शटर असते. ते उघडण्याची आणि पाडण्याची वेळ ठरलेली असते, म्हणून धंदा चालतो. टीव्हीला शटर नाही, ते घरच्या वडीलधाऱ्यांनी लावायचे असते. अजान झाली की बंद, मुलांच्या अभ्यासाच्या वेळी बंद, इशानंतर अमुक वाजता बंद, म्हणजे फजरला डोळा उघडेल. हा नियम बापाच्या सामन्यालाही लागू असावा, नाहीतर मुले तो मानणार नाहीत. माझे तर असे मत आहे की प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात फोन धरून बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून तासभर एक पडदा पाहणे बरे. निदान मुले काय पाहतात ते आईबापांना दिसते.

त्या मणियार बांधवाने आता दोन खाती केली आहेत, एक दुकानाचे आणि एक घराचे. टीव्ही घेण्याआधी हे केले असते तर चेक परत गेला नसता. आपण निदान आधी करूया. अल्लाह आपल्या रिज्कमध्ये बरकत देवो आणि आपली पत राखण्याची समज देवो. आमीन.