हजेरी नको, खेळ मोजा

त्या रविवारच्या कॅरम स्पर्धेचा ड्रॉ मीच काढला होता. महिला गटात ३२ नावं, ४ मानांकित, उरलेल्या २८ चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. साडेनऊला पहिली फेरी सुरू झाली आणि अकराच्या आत, माझ्या मते आमच्या जिल्ह्यातला सर्वांत चांगला ब्रेक जिच्या हातात आहे, ती मुलगी स्ट्रायकर पिशवीत टाकून घरी निघाली. अग्रमानांकित खेळाडूशी तिसऱ्या गेमच्या आठव्या बोर्डापर्यंत ती झुंजली. राणी घेतली, पण कव्हर पडलं नाही आणि सामना दोन गुणांनी गेला. दिवसातला सर्वांत चांगला सामना तोच, आणि तो पाहायला टेबलापाशी पंच आणि मी, एवढेच होतो. संध्याकाळी भरलेल्या हॉलसमोर झालेली फायनल एकतर्फी झाली.

दोष चिठ्ठीचा नव्हता. ही मुलगी मानांकित असती तर त्या दोघी उपांत्य फेरीच्या आधी समोरासमोर येऊच शकल्या नसत्या. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि महिन्यातले दोन-तीन रविवार ड्यूटीवर असते. वर्षभरातल्या आमच्या ११ स्पर्धांपैकी ती तीनच खेळली. एक जिंकली, एकीत उपविजेती, एकीत उपांत्य फेरी. आमच्या पद्धतीत विजेत्याला ५०, उपविजेत्याला ३०, उपांत्य फेरीला २०, उपउपांत्य फेरीला १० आणि शिवाय दर स्पर्धेत नुसत्या सहभागाचे ५ गुण मिळतात; वर्षाची बेरीज म्हणजे क्रमवारी. तिची बेरीज झाली ११५. अकराही स्पर्धांत उपउपांत्य फेरीत हरलेल्या खेळाडूची झाली १६५. वर्षभरात एकदाही शेवटच्या चारांत न पोचलेली खेळाडू चौथी मानांकित, आणि ही बिनमानांकित. त्या चौथीचा यात काही दोष नाही, तिने नियमाप्रमाणे गुण कमावले. नियमच चुकीची गोष्ट मोजतो आहे.

आमच्या कार्यकारिणीतले ज्येष्ठ म्हणतात, जे दर रविवारी येतात त्यांच्या प्रवेश फीवरच हॉलचं भाडं निघतं, त्यांची कदर करायला नको? जरूर करावी. हंगामाअखेर वर्षभराच्या बेरजेवर वेगळा चषक द्या, फीत सवलत द्या. पण मानांकन हे बक्षीस नाही. कोण किती चांगलं खेळतं याचा तो आपण बांधलेला अंदाज आहे, आणि त्यावर इतर ३१ जणींचा रविवार अवलंबून असतो. रविवारची ड्यूटी, घरातलं आजारपण, तालुक्याहून येण्याचा खर्च यांवरून हात किती चालतो हे ठरत नाही. बायकांच्या गटात तर हजेरी मोजणं म्हणजे घरून कोणाला निघता येतं हे मोजणं.

खेळ मोजायचा कसा, हे टेनिसवाल्यांनाही चाचपडतच सापडलं. व्यावसायिक पुरुष खेळाडूंची पहिली संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ ला निघाली, तोवर कोणाला प्रवेश द्यायचा हे बरंचसं आयोजकांच्या मर्जीवर असे. त्यांनी बेरजेऐवजी सरासरी धरली. पण सरासरीत जास्त खेळणाऱ्याचं नुकसान होतं, म्हणून १९९० पासून सर्वोत्तम १४ स्पर्धा मोजायला लागले. आमच्यासाठी तेही अपुरं आहे, कारण आमच्या एका स्पर्धेला ४० जणी येतात आणि दुसरीला १२. दोन्हींच्या विजेतीला ५० गुण कसे द्यायचे?

मला बुद्धिबळातली पद्धत हवी आहे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत शिकवणाऱ्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची ही पद्धत अमेरिकेच्या संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. ती एकच विचारते: कोणाला हरवलंस? १७०० गुणांचा खेळाडू १५०० वाल्याशी खेळला तर त्याच्याकडून शंभरात ७६ विजयांची अपेक्षा असते. म्हणून तो जिंकला तर त्याला साधारण ५ गुण मिळतात, हरला तर १५ जातात, आणि समोरच्याचे तेवढेच वाढतात. न येणाऱ्याचं काही कापलं जात नाही. बुद्धिबळात नव्या खेळाडूचा आकडा पहिल्या ३० डावांपर्यंत दुप्पट वेगाने हलतो. आमच्याकडे पहिल्या १५ सामन्यांना तसं करता येईल. दोन वर्षं न आलेल्याचाही आकडा तोच राहावा, पण परतल्यावर काही सामने तो पुन्हा झपाट्याने हलावा, कारण मधल्या काळात हात कसा आहे हे कोणालाच ठाऊक नसतं.

२५-० जिंकणाऱ्याला जास्त गुण द्यावेत, असं आमचे तरुण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. एका व्हाइट स्लॅमने १२ गुण मिळतात आणि समोरच्याने त्या बोर्डात स्ट्रायकरला हातही लावलेला नसतो. शिवाय पहिल्यांदाच आलेल्या पोरीला पार चिरडण्यात फायदा आहे, असं आपण का शिकवायचं? विजय तो विजय.

एक धोका मात्र खरा आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या तुरुंगातला क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी बहुतांशी तिथल्याच कैद्यांशी खेळून १९९६ साली २७०२ गुणांवर पोचला आणि देशाच्या यादीत दुसरा दिसू लागला. बंद डबक्यात आकडे फुगतात. आमच्या दोन तालुक्यांतले खेळाडू शहरातल्यांशी वर्षातून जेमतेम एकदा भिडतात, म्हणून दोन स्पर्धा तालुक्यात घ्याव्याच लागतील. शहरातल्यांनी एसटीने जायला काय हरकत आहे?

या पद्धतीत मला सर्वांत भावतं ते वेगळंच. आमच्याकडे पन्नाशीच्या एक बाई येतात, दुसऱ्या फेरीपलीकडे कधी गेल्या नाहीत. तीन वर्षांच्या जुन्या गुणपत्रिका घरी आणून मी सगळे निकाल या रीतीने मांडले, तेव्हा त्या १२१० वरून १२९० वर आलेल्या दिसल्या. त्या सुधारत होत्या आणि आमच्या क्रमवारीने त्यांना हे कधी सांगितलंच नव्हतं. आणि या नव्या यादीत ती परिचारिका दुसरी आली.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. तिथे दोन्ही पद्धतींचे तक्ते मी शेजारी-शेजारी ठेवणार आहे. नावांच्या जागी नुसती अक्षरं असतील. आधी मत घ्या, ठराव लिहून त्यावर सह्या करा. कोणतं अक्षर कोणाचं, हे मी त्यानंतर सांगेन.