दोष पोराचा नव्हता

मागच्या महिन्यात आपांचा फोन आला. "तुझ्या भाच्यानं गेम खेळून खेळून लॅपटॉप बिघडवला. माउसचा बाण सरकतच नाही." आम्हीही फोनवरच भाच्याला पाच मिनिटं सुनावलं. शिक्षकाला ते लवकर जमतं.

लॅपटॉप जुना. दिवाळीच्या सुट्टीत आम्हीच त्यावर उबंटू टाकून दिलं होतं. उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार. फुकट मिळतो आणि त्याचा मूळ कोड कुणालाही पाहता-बदलता येतो. आता दुल्हाभाई कुठूनतरी चोरीचं विंडोज टाकून आणायला निघाले होते. म्हणून रविवारी आम्ही स्वतःच गेलो.

भाचा कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला. त्याला म्हटलं, "खेळून दाखव." गेम होता लुआंटी, म्हणजे पूर्वीचा माइनटेस्ट. ठोकळे रचून घरं, पूल बांधायचे. तोही असाच खुला आणि फुकट. यात डब्ल्यूचं बटण दाबलं की माणूस चालतो आणि मान वळवायची ती माउसनं. भाच्याकडे माउस नाही, तो टचपॅडवर बोट फिरवतो. बटण सोडलं की मान छान वळत होती. दाबून धरलं की टचपॅड ठप्प.

"मामू, हेच सांगत होतो. तुम्ही ऐकलंच नाही."

यावर आम्ही काय बोलणार?

शेजारून यूएसबीचा माउस मागून आणला. तो लावल्यावर चालता चालताही मान वळू लागली. म्हणजे गेम ठीक होता, लॅपटॉपही ठीक होता. टाइप करताना तळहात टचपॅडला लागून बाण भलतीकडे उडू नये, म्हणून बटणं दाबली जात असताना टचपॅड थोडा वेळ बंद ठेवायची सोय असते. अर्ज लिहिणाऱ्याच्या ती कामाची. पण समोर अर्ज आहे की खेळ, हे यंत्राला कसं कळावं? उबंटू २४.०४ मध्ये सेटिंग्जमधल्या 'माउस अँड टचपॅड'मध्ये, टचपॅडच्या भागात, 'डिसेबल टचपॅड व्हाइल टायपिंग' आहे. ते बंद केलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

तुमच्याकडे तक्रार वेगळी असेल, म्हणजे गेम चालू असताना बाण खिडकीबाहेर निसटत असेल, तर आधी गेम फुल स्क्रीन करून पाहा. वाइन वापरून विंडोजचा गेम चालवत असाल तर वाइनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावर, फुल स्क्रीनमध्ये माउस धरून ठेवायची खूण असते, ती करा. तरी जमलं नाही आणि उबंटू २४.०४ असेल, तर लॉगिनच्या वेळी खालच्या चक्रातून 'उबंटू ऑन झॉर्ग' निवडा. काही जुने गेम तिथं नीट वागतात.

दुल्हाभाईंनी विंडोजचा बेत सोडला. भाच्याची माफी आम्ही तिथंच मागितली, आपांनी चहा करता करता मागितली.

पण चार दिवसांनी आपांचा पुन्हा फोन. त्या याच लॅपटॉपवर बचत गटाचा हिशेब लिहितात, आणि आता टाइप करताना त्यांचा बाण उड्या मारत होता! ही सेटिंग ज्याच्या त्याच्या खात्यापुरतीच असते. म्हणून फोनवर सांगून आपांचं वेगळं खातं उघडून घेतलं. आम्ही सांगत होतो, बटणं भाचा दाबत होता.