भाकरीचे गाव कोणते?

इटलीच्या रोमान्या भागात 'पियादिना' नावाची गव्हाची पोळी तव्यावर भाजतात. एकेकाळी ती गरिबाघरची. २०१४ साली युरोपीय संघाने तिला भौगोलिक मानांकन दिले. आता त्या नावाची पोळी कुठे आणि कशी करावी, याचे नियम आहेत. मग आपल्या ज्वारीच्या भाकरीचे गाव कोणते?

भोकरदनने हक्क सांगावा, इतके ते जुने. हेच प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत त्याचे नाव कोरलेले आहे. येथील उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे.

पण ज्वारी मूळची इथली नव्हेच. पाच हजार वर्षांपूर्वी पूर्व सुदानातल्या माणसांनी तिला शेतात आणले. पुढे ती आपल्याकडे आली. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो आपण नाके मुरडत खाल्ली. तीही ज्वारीच, आफ्रिकेतून तिकडे गेलेली! तेव्हा मुळाचा वाद फोल आहे. ज्याच्या रानात धान्य पिकते आणि ज्याच्या चुलीवर ते भाजले जाते, भाकरी त्याची.

नेमके हेच आता सुटत चालले आहे. भोकरदनच्या शिवारात मका, कपाशी, सोयाबीन दिसते. ज्वारीला पाखरांपासून राखण लागते, काढणीला मजूर लागतात. बैल कमी झाले तसा कडब्याचा आधारही कमी झाला. बँकेत पीककर्जाची प्रकरणे पाहताना कळे, कपाशीला एकरी जेवढे कर्ज मिळते, तेवढे ज्वारीला नाही. घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो. अशा वेळी शेतकऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली मानांकन मिळाले, २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगाने साजरे केले. आनंदच आहे. परंतु सन्मानपत्राने परात भरत नाही. ज्वारी हमीभावाने वेळेवर खरेदी व्हावी, रेशनवर ती नेमाने मिळावी.

आणि थोडे घरातही व्हावे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाण्यात मळून ती हातानेच थापावी लागते. हे काम आजवर बायकांच्या माथी मारून आपण पंगतीत भाकरीचे गोडवे गायलो. आता मुलग्यांनीही परातीपुढे बसावे. पहिली भाकरी फाटेल, दुसरी जाड होईल. चौथ्या-पाचव्या दिवशी पापुद्रा सुटेल, तेव्हा भाकरीचे गाव कोणते, हे विचारायची गरज उरणार नाही.