कॅथरीनचे चाक आणि गाळलेली तारीख

जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल संत कॅथरीनला समर्पित आहे. पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातही तिचेच चाक होते. त्याचा अर्थ विचारला की ठरावीक उत्तर मिळते: अलेक्झांड्रियाच्या या कुमारिकेच्या छळासाठी आणलेले चाक भंगले, अखेर तिचा शिरच्छेद झाला, म्हणून चाक हे श्रद्धेच्या विजयाचे प्रतीक. उत्तर चुकीचे नाही, अर्धे आहे. आणि हे अर्धेपण निरुपद्रवी नाही.

संतांची का वानवा होती? मग कॅथरीनच का? कारण २५ नोव्हेंबर हा तिचा सण, आणि १५१० साली त्याच दिवशी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकून घेतला. त्यानंतर शहरातील मुसलमानांची जी कत्तल झाली, तिचे वर्णन त्याने राजा मानुएलला धाडलेल्या पत्रात स्वतःच निःसंकोचपणे केले आहे.

आज त्या वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या गोंयकाराने या रक्ताचा जाब द्यावा, असे मी म्हणत नाही. तसा जाब मागणाऱ्यांना चाकामागची कित्येक शतके जुनी संतकथा ठाऊकच नसते. परंतु स्वतःला इतिहासाचे अभ्यासक म्हणवणारे संतकथा रंगवून सांगतात आणि तारीख तेवढी गाळतात, त्याला अनवधान कसे म्हणावे?