माळ्यावरचा शेर

शेतावरच्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेले एक लोखंडी भांडे आमचा एक विद्यार्थी शाळेत घेऊन आला. उभट, गोल, काठाला पट्टी. ना कान, ना तोटी. कुणी कुंडी म्हणाले, कुणी पेनांचा डबा. ते होते धान्य मोजायचे माप, शेर!

दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. आपल्या बेळगाव भागात कितीतरी पिढ्यांचे धान्य असेच मोजले गेले. आपले कानडी शेजारीही त्याला सेरु म्हणतात. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे आली आणि शेर हळूहळू माळ्यावर गेला.

भाषेतून मात्र तो गेलेला नाही. भरलेल्या मापावर धान्याची जी रास उभी राहते, ती शीग. 'उत्साह शिगेला पोहोचला' असे मुले निबंधात लिहितात, पण शीग त्यांनी पाहिलेली नसते. 'मापात पाप', 'पायलीचे पन्नास' हेही त्याच घरातले. नवी सून उंबरठ्यावर ओलांडते तेही मापच.

मराठी टिकवायची तर अशा वस्तूंची नावेही टिकली पाहिजेत, असे आम्हाला वाटते. पालकांना विनंती, जुनी वस्तू भंगारात देण्यापूर्वी मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा. तिचे नाव आणि उपयोग त्यांना लिहून घेऊ द्या. विश्वस्तांनी शाळेत एक कपाट द्यावे. वस्तू देणे जमले नाही तरी ती लिहिलेली चिठ्ठी अवश्य पाठवा.