विनोदाची वाटणी

कौटुंबिक विनोदी मालिकांविषयीच्या मराठी चर्चेत एक गृहीतक रूढ झालेले आहे : सख्ख्या भावंडांमधील आर्थिक विषमता हा गंभीर नाटकाचा किंवा कादंबरीचा विषय होय, विनोदी मालिकेच्या रूपबंधाला तो पेलणारा नाही. हे गृहीतक सौंदर्यशास्त्रीय असल्याचा आव आणते. वस्तुतः ते मालमत्तेच्या प्रश्नावर पांघरूण घालणारे वर्गीय गृहीतक आहे. त्याची किंमत कोण मोजते हे पाहायचे, तर मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातून बाहेर पडून बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाच्या सातबाऱ्याकडे वळावे लागते.

विनोदी मालिकेचा प्रत्येक भाग पेचातून पूर्वस्थितीकडे परततो, हे खरे. परंतु ती पूर्वस्थिती कोणती असावी, हे रूपबंध ठरवत नाही. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. ती ह्या प्रकारातील उत्तम निर्मिती आहे, आणि म्हणूनच तिच्या मर्यादेचा विचार करणे उचित ठरते. तिचा विनोद प्रामुख्याने आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे यांच्यातील अंतरातून निर्माण होतो. पिढ्यांमधील अंतर वयाने येते; त्याचा जाब कोणाला द्यावा लागत नाही. भावंडांमधील अंतर मात्र जाब मागते. एकाच ताटात जेवलेल्या दोघांपैकी एकाच्या वाट्याला वेतन आयोग येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला पावसाचा भरवसा, ह्याचा उलगडा वयाच्या आधारे करता येत नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘देख भाई देख’ ह्या हिंदी मालिकेने भावांना एकाच प्रशस्त बंगल्यात ठेवून हा प्रश्न उद्भवूच दिला नाही.

रूपबंधच असमर्थ आहे हा दावा टिकणारा नाही. बी. बी. सी.च्या ‘किपिंग अप अपिअरन्सेस’ (१९९०-९५) ह्या मालिकेत चार विवाहित-अविवाहित बहिणी आहेत : एक धनाढ्य, दोघी सरकारी वसाहतीत राहणाऱ्या, आणि मधली ह्यासिंथ. श्रीमंत बहिणीचा डांगोरा पिटणे आणि गरीब बहिणींना शेजाऱ्यांपासून लपवणे, ह्या तिच्या खटाटोपातूनच मालिकेचा विनोद उभा राहतो. तेथे विषमता विनोदाच्या आड येत नाही. ती विनोदाचे इंधन आहे.

ही सामग्री विदर्भात अल्प आहे काय? महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये (१९८५) वाड्यातल्यांना मुंबईकर भाऊ सधन वाटतो आणि मुंबईकराला वाड्यात अजून काही शिल्लक असेल असे वाटते. ह्या परस्परभ्रमात विनोदाची सगळी यंत्रणा सज्ज आहे. नाटककाराने ती शोकात्म दिशेने वळवली, हा त्याचा अधिकार. बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२) २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील एकनाथ उच्चशिक्षित असूनही नोकरीअभावी शेतीत अडकतो. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या मदत-योजनेत विदर्भातील जे सहा जिल्हे घेतले गेले, त्यांत बुलढाणा होता. तेव्हापासून समीक्षेने जणू वाटणीच करून टाकली : करुणा ह्या जिल्ह्यांना, विनोद पगारदार मध्यमवर्गाला. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथांनी गावाला हसू दिले, हा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु त्या विनोदात गाव हे बहुधा स्वयंपूर्ण जग असते. शहरात स्थिरावलेल्या भावाशी त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

कर्जात बुडालेल्या माणसावर हसणे क्रूर नाही का, असा दुसरा आक्षेप आहे. तो रास्त आहे; पण त्यात हसणारा नेहमी बाहेरचाच असतो, हे गृहीत धरलेले आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती बुलढाण्यातच राहून. अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूने उपहास किती धारदार होऊ शकतो, ह्याचा तो मराठीतील ठळक पुरावा होय. शेतीवर राहिलेला भाऊ दिवाळीला गाडीतून आलेल्या भावाकडे पाहून जे हसतो, ते हसू दयेपेक्षा अधिक विवेकी असते.

ह्या प्रश्नात सर्वाधिक पणाला लागलेली व्यक्ती म्हणजे बहीण. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिकाचा हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व मुलींपर्यंत नेला. आणि वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही आहेत. मालिकांमधील भाऊबीजेला ओवाळणीचे ताट दिसते, हक्कसोडपत्र दिसत नाही. प्रेम आणि कागद एकाच पाटावर ठेवण्याइतका दुसरा उत्तम विनोदी प्रसंग कोणता? आणि तो लिहिला गेला, तर भागाच्या शेवटी घर पूर्वस्थितीला परतेलही. मात्र ती पूर्वस्थिती कोणाच्या सहीवर उभी आहे, हे प्रेक्षकाला कळलेले असेल.

‘निखळ’, ‘निरागस’, ‘सहकुटुंब पाहण्याजोगी’ ही विशेषणे वापरण्यापूर्वी समीक्षेने मालिकेतील घर कोणाच्या नावावर आहे आणि त्यातून कोणाचे नाव कमी झाले, एवढे तरी विचारावे. तोवर निरागसतेचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार तिला नाही.