शेतीशाळेत बाई कुठे?

बचत गटाच्या कामासाठी जूनच्या तोंडावर एका गावात गेले होते. पारावर शेतीशाळा भरली होती. विषय सोयाबीनची बीजप्रक्रिया. समोर सगळे पुरुष. बायका कुठे? शेतात, धसकटं वेचायला! "ताई, बोलावणं सातबारावर नाव असलेल्याला," एक काका म्हणाले.

पुढे काय झालं? पेरणीच्या दिवशी बियाण्याला रायझोबियम चोळायला बसली ती घरची सून. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, मग सावलीत सुकवायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं पसरलं उन्हात. उन्हानं त्यातले जिवाणू मरतात. पाकीट वाया गेलं आणि बोलणी बसली तिलाच.

बायकोचं नाव सातबारावर लावावं म्हणून राज्यात १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजना आली. अजून कितीतरी घरांत ते लागलेलं नाही. पण नाव लागेपर्यंत तिनं शिकायचंच नाही का? तरुणांच्या शेती शिबिरालाही मुलगेच जातात. बारावी झालेली नणंद मात्र घरी भाकऱ्या थापते.

उपाय फार अवघड नाही. वर्ग दुपारी, अंगणवाडीत घ्या. बोलावणं बचत गटामार्फत धाडा. शिबिरात निम्म्या जागा मुलींना ठेवा. आणि मैत्रिणींनो, बोलावण्याची वाट कशाला बघायची? पुढच्या शेतीशाळेला चार-चौघी मिळून जाऊन पुढच्या रांगेत बसा. ज्या हातांनी पेरायचं, त्या हातांना आधी कळायला नको?